मालकांची हरकत

आमच्या मालकांचं घर पुढून पाहिलं तर कीव यावी, आणि मागून पाहिलं तर हेवा वाटावा. पुढच्या भिंतीचा गिलावा सुटलेला, ओटीच्या खांबाला बांबूचा टेकू दिलेला, दाराची एक फळी कायमची निखळलेली. मागच्या बाजूला मात्र हिरव्या रंगाच्या खिडक्या, चुना दिलेल्या स्वच्छ भिंती, फरशी घातलेलं अंगण आणि विहिरीला घडीव दगडांचा काठ. नवा माणूस पुढच्या दाराने आत शिरून मागच्या अंगणात पोचला की आपण भलत्याच घरात आलो की काय म्हणून एकदा वळून बघे. मीही बघितलं होतं.

याचं कारण घरपट्टी. नगरपालिकेचा आकारणी करणारा कारकून घर रस्त्यावरूनच बघतो, मागे जायचे कष्ट घेत नाही, हा मालकांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. मग जिथे कारकून बघत नाही तिथे रंग लावायचा आणि तो जिथे बघतो तिथे दारिद्र्य जपायचं, असं त्यांचं धोरण होतं. दारिद्र्य जपायचं म्हणजे अक्षरशः जपायचं. टेकूचा बांबू वाळवीने खाल्ला तेव्हा त्यांनी मुद्दाम बाजारात जाऊन तितकाच जुनाट दिसणारा दुसरा बांबू शोधून आणला होता.

मी पनवेलला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आई आणि मी, दोघींना त्यांच्या माडीवरच्या खोल्या भाड्याने मिळाल्या. जागा दाखवताना मालकांनी पहिलीच अट सांगितली.

"बाई, पुढच्या कठड्यावर चांगली लुगडी वाळत घालायची नाहीत. जुनेर असेल तर घाला."

"का हो?" आईने विचारलं.

"चांगलं लुगडं दिसलं की भाडेकरू चांगला आहे असं वाटतं. भाडेकरू चांगला म्हणजे भाडं चांगलं. आणि भाडं चांगलं म्हटलं की पट्टी चढली."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, 'जागा दुसरी बघ' असा होता. पण मागच्या विहिरीचं पाणी तिने प्यायलं आणि तिचा विचार बदलला. पनवेलात चांगल्या पाण्याची विहीर आणि शहाणा घरमालक हे दोन्ही एकदम मिळत नसत, आणि आईचं म्हणणं, शहाणपणावर डाळ शिजत नाही.

गाव त्यांना 'हरकतवाले' म्हणे. दरसाल घरपट्टीची आकारणी जाहीर झाली की कोणाला काही म्हणायचं असेल तर त्याने हरकत घ्यावी असा नियम होता. बाकीचे लोक चरफडत आणि गप्प बसत. मालक दरसाल हरकत घेत. सुनावणीच्या दिवशी काळा कोट, काळी टोपी, कपाळाला गंध असा जामानिमा करून ते लग्नाला निघाल्यासारखे निघायचे. एके वर्षी त्यांची हरकत अशी होती की आकारणीत धरलेली एक खिडकी ही खिडकी नसून भिंतीला पडलेलं भोक आहे. बहुतेक वेळा हरकत फेटाळली जाई. मग दुसऱ्याच दिवशी सकाळी, कचेरीचं दार उघडायच्या आधी, ते पूर्ण पट्टी भरायला दारात उभे.

"मग हरकत घेतलीत कशाला?" मी एकदा विचारलं.

"बाई, पट्टी द्यायला माझी ना नाही. पण हरकत न घेता दिली तर त्यांना वाटेल गाव झोपलंय. झोपलेल्या माणसाचं कोणी काम करतं का?"

हळूहळू लोक त्यांच्या ओटीवर हरकत शिकायला येऊ लागले. चाकं करणारे सुतार यायचे, मिठाचे व्यापारी यायचे, लाकडाच्या वखारीचे चाचा यायचे. मालक सगळ्यांना फुकट शिकवत आणि वर चहा पाजत. त्यांचा पहिला धडा ठरलेला. "हरकत कोणाची म्हणून विचारलं की आधी हात वर करायचा. कारण मग आठवत बसा. हात खाली राहिला की हरकत बुडाली." हे सांगताना ते स्वतःचा उजवा हात असा ताडकन वर करत की समोरचा चहाचा कप हलायचा. मला वाटतं, त्या वेळी पनवेलात घर असलेला एकही माणूस असा नसेल ज्याचा हात मालकांनी कधी ना कधी वर करून घेतला नाही.

त्यांची आणखी एक सवय आईला फार चमत्कारिक वाटे. आमच्या घरावरून बाजाराला सरळ रस्ता होता, एक गल्ली ओलांडली की झालं. मालक त्या रस्त्याने कधी जात नसत. कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी ते मागच्या दाराने निघून वडाळे तळ्याला सबंध वळसा घालत आणि घामाघूम होऊन परत येत. "मालकांची प्रदक्षिणा निघाली," आई म्हणायची. त्या वळशाचं कारण मला ठाऊक होतं, कारण ते घडलं त्या दुपारी मीही तिथेच होते.

सरळ रस्त्यावर, आमच्या घराला लागूनच, नागूबायचं घर आणि तिची पेंढ्याची वखार होती. नागूबाय खाडीकडच्या गावातली आगरी बाई. नवरा गेल्यावर तिने गावची जमीन दिराच्या हवाली केली आणि पनवेलात पेंढा विकायला बसली. गाडीवाले, म्हशीवाले, सगळे तिच्याकडे यायचे. बोलायला फटकळ, पण वजनात कधी खोट नाही.

चैत्र संपत आला होता. गल्लीच्या तोंडाशी सुतार चाकाला लोखंडी धाव चढवत होते. धाव म्हणजे चाकावरची पट्टी. ती शेण्यांच्या जाळात लाल करतात आणि चाकावर बसवून वर पाणी ओततात. त्या जाळातली ठिणगी वाऱ्याने उडाली आणि नागूबायच्या पेंढ्यावर पडली. सुकलेल्या पेंढ्याला काय लागतं? आम्ही खिडकीशी येईपर्यंत सगळी गंजी पेटली होती.

मालक शिडी लावून आपल्या छपरावर चढले. "बाई, कळश्या द्या," ते वरून ओरडले. आई विहिरीतून पाणी ओढत होती, मी शिडीवरून कळश्या वर देत होते आणि मालक त्या आपल्या कौलांवर ओतत होते. सगळी गल्ली हेच करत होती. ज्याला त्याला आपल्या छपराची काळजी. सुतार आपलं छप्पर भिजवत होते, त्यांच्यापलीकडचे त्यांचं. जे खरोखर पेटलं होतं त्यावर पाणी टाकणारं कोणी नव्हतं. नागूबायची विहीर आटलेली होती. ती रिकामी घागर घेऊन आमच्या अंगणात आली, वर बघून म्हणाली, "मालक, पानी द्या." मालकांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातली कळशी स्वतःच्या कौलांवर रिकामी केली.

नागूबायने पुन्हा मागितलं नाही. तिने म्हैस सोडून बाहेर काढली आणि रस्त्यावर उभी राहून घर जळताना बघितलं. पुढच्या महिन्यात तिच्या लेकीचं लग्न होतं. बस्ता बांधून आणला होता, तोही गेला. आमच्या घराला काही झालं नाही.

मुंबईहून आगीचा बंब बोलवावा तर मध्ये खाडी, ठाण्याला वळसा घालून तो येईपर्यंत राख थंड व्हायची. असं आधीही झालं होतं, आणि प्रत्येक वेळी गाव 'दैव' म्हणून गप्प बसलं होतं.

मालकांनी तिला वासे दिले, कौलं दिली, लग्नाच्या खर्चालाही मदत पाठवली. नागूबायने सगळं घेतलं आणि "बरा झाला" एवढंच म्हणाली. एरवी पेंढ्याच्या एका काडीवरून गिऱ्हाइकाला धुऊन काढणारी बाई, पण मालकांना तिने एका शब्दाने बोल लावला नाही. समोर आली की पदर सारखा करून बाजूला व्हायची. तेच त्यांना सोसवेना. एकदा मागच्या अंगणात ते आईला म्हणाले, "काकू, तिने मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी तिच्या दारावरून जाऊ शकलो असतो."  आईने त्यांना ताक दिलं.

आणि मग ज्या माणसाने सारी हयात पट्टीशी भांडण्यात घालवली, त्यानेच नगरपालिकेत जाऊन सांगितलं की घरपट्टी वाढवा आणि गावाला बंब आणा.

अध्यक्ष चांगले गृहस्थ होते, पण निवडणूक तोंडावर आली होती. पट्टी वाढवणाऱ्याला कोण मत देणार? त्यांनी युक्ती काढली. घरपट्टी भरणाऱ्या सगळ्यांची सभा बोलवायची, तिथेच पेट्या ठेवून मतं घ्यायची आणि गाव म्हणेल तसं करायचं. कायद्यात असं काही सांगितलेलं नव्हतं, पण पहिली मोठी निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि पेटीत मत टाकण्याची सगळ्यांना हौस होती.

मालक घरोघर हिंडू लागले. बंब हवा, पट्टी वाढली तरी चालेल, बंबाच्या बाजूने मत द्या. लोक आदराने बसवत, पान पुढे करत आणि ऐकून झाल्यावर आवाज खाली आणून विचारत, "ते झालं, पण मालक, मनातलं सांगा. आतून काय करायचं?" कोणालाच खरं वाटेना. सुतारांची खात्री होती की हा कारकुनाला गाफील ठेवायचा डाव आहे आणि खरी हरकत मालक आयत्या वेळी सांगतील. मालक कळवळून म्हणत, "अहो, आत-बाहेर काही नाही, हेच आहे." आणि सुतार हसून म्हणत, "समजलं, समजलं. आम्ही कुठे बोलणार नाही." आयुष्यभर घराचं तोंड मागे ठेवलेल्या माणसाच्या बोलण्याचं तोंड पुढे आहे, हे कोणाला पटावं?

नागूबायच्या दारी मात्र ते गेले नाहीत. माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, तेवढ्या एका घरी तुम्ही जाऊन सांगा." मी गेले. नागूबायने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक का नाय आलं?" मी म्हटलं, त्यांना काम आहे. ती म्हणाली, "व्हय, तल्याला फेरा घालायचा काम," आणि म्हशीला पेंढा टाकायला उठली.

सभा आमच्या शाळेच्या पटांगणात झाली. रविवारची सकाळ, मांडव घातलेला, आणि मांडवात न मावलेले लोक कुंपणाच्या भिंतीवर. टेबलावर दोन पेट्या ठेवल्या होत्या. लाल कापड गुंडाळलेली पेटी 'बंब हवा' म्हणणाऱ्यांची, पांढऱ्या कापडाची 'नको' म्हणणाऱ्यांची. पेट्यांशेजारी चिठ्ठ्या वाटायला आम्हा शिक्षकांना बसवलं होतं. कोणीतरी येऊन लाल पेटीला हळद-कुंकू लावलं, मग पक्षपात नको म्हणून अध्यक्षांनी पांढऱ्या पेटीलाही लावून घेतलं. मालक पहिल्या रांगेत, काळा कोट, काळी टोपी. चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा.

अध्यक्षांना वेळ वाचवायचा होता. पट्टी किती वाढेल, बंब कसला येईल हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "कोणाचाच विरोध नसेल तर मतं तरी कशाला घ्यायची? या ठरावाला कोणाची हरकत असल्यास..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मालकांचा उजवा हात ताडकन वर गेला.

त्यांना स्वतःला ते कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपला आपण गेला. पण सगळ्या मांडवाने तो पाहिला आणि मागोमाग भराभर हात वर झाले. सुतारांचे झाले, मीठवाल्यांचे झाले, कुंपणाच्या भिंतीवर बसलेल्यांचे झाले. एकजण पडता पडता वाचला. सुतारांतला म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मी सांगत नव्हतो? आयत्या वेळी सांगणार म्हणून?"

मालकांनी मागे वळून ते हातांचं रान पाहिलं आणि मग वर आपल्या हाताकडे पाहिलं. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला. उभे राहून ते म्हणाले, "माझी या हरकतीला हरकत आहे."

मांडवात हशा पिकला. वखारीचे चाचा उठले आणि अदबीने म्हणाले, "मालक, गुस्ताखी माफ. पण तुमचा हात नेमका कुणाच्या बाजूने समजायचा, याचा एकदा खुलासा करा." मालक पुन्हा आपल्या हाताकडेच बघत राहिले.  ज्यांनी गावाला बोलायला शिकवलं तेच असे उभे. आता हे सगळं हसण्यावारी जाणार, हे स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने नागूबाय उठली. घर तिच्या नावावर होतं, पट्टी ती भरत होती, म्हणून ती आली होती.

"मालकांचा हात खरा का खोटा, ता मना ठावं नाय," ती म्हणाली. "मना माजा ठावं हाय. माजा घर जळला तवा मी यांच्याकडं पानी मागला. यांनी ता आपल्या कौलांवर वतला. समद्यांनी बगितला."

 मालकांनी टोपी काढून हातात घेतली.

"पन आज मी खरा सांगतंय. त्यांचा घर पेटला असता, तं मी पन माजाच पेंढा भिजवला असता. तुमी पन त्याच केला असता. त्या दिशी केलाच तुमी. आपला घर सोडून दुसऱ्याच्या घरावर पानी वतील अशी मानसा या गावान नाय, नि कंच्याच गावान नाय. म्हनून बंब पायजे. बंबाला सोताचा घर नसतं."

एवढं बोलून ती खाली बसली नाही. तशीच टेबलापाशी आली, माझ्या हातून चिठ्ठी घेतली आणि लाल पेटीत टाकली. तिच्यामागे चाचा आले. मग सुतार एकमेकांकडे बघत उठले. मालक सगळ्यांत शेवटी आले. चिठ्ठी त्यांनी त्याच उजव्या हाताने टाकली.

लाल पेटी जिंकली. फार मोठ्या फरकाने नाही, पण जिंकली.

बंब आला तेव्हा गावाने त्याला हार घातले, नारळ फोडला. पितळी घंटा, लाल रंग, गुंडाळलेले पाइप. शाळेतल्या मुलींना घेऊन मी बघायला गेले होते. आणि त्या वर्षीची घरपट्टी जाहीर झाली तेव्हा काळा कोट घालून मालक कचेरीत हजर.

"अहो, हा बंब तुम्हीच आणलात," कारकून रडकुंडीला येऊन म्हणाला.

"म्हणूनच आलोय. दर सोमवारी घंटा वाजवून बघायची असते, गेल्या सोमवारी बघितली नाही. बंब माझा आहे, मी नाही विचारणार तर कोण विचारणार?" हरकत फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टी भरली.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मला वाटलं होतं, नागूबाय सभेत तसं बोलल्यावर मालक सरळ रस्त्याने जायला लागतील. उलटंच झालं. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "काकू, तिने तर मला माफच करून टाकलं. आता कुठल्या तोंडाने जाऊ?" आणि पिशवी घेऊन तळ्याकडे निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात चाचांच्या लाकडाच्या वखारीला आग लागली. वखार बाजाराच्या टोकाला, पण वारा आमच्याकडे होता आणि धुराबरोबर ठिणग्या येत होत्या. घंटा वाजवत बंब गेला. गल्लीतल्या लोकांनी सवयीने शिड्या काढल्या. मालकही कळशी घेऊन आपल्या शिडीवर चढले. मी खाली दुसरी कळशी घेऊन उभी होते. अर्ध्या शिडीवर ते थांबले. वर आपल्या कौलांकडे पाहिलं, मग शेजारच्या पेंढ्याच्या गंजीकडे पाहिलं. उतरले, आणि कळशी घेऊन पुढच्या दाराने, सरळ रस्त्याने, नागूबायच्या अंगणात शिरले.

"बाई, कळश्या इकडे द्या," ते म्हणाले.

मी देत गेले, आई ओढत गेली, मालक गंजीवर ओतत गेले. वय झालं होतं, धाप लागली होती, सदरा भिजून अंगाला चिकटला होता, तरी थांबेनात. तिकडे बंबाने आग कधीच विझवली होती. लोक परत यायला लागले होते, आणि मालकांचं ओतणं चालूच होतं.

बाजारातून नागूबाय परत आली. दारात उभी राहून तिने आपल्या पेंढ्याकडे पाहिलं. गंजीतून खालपर्यंत पाणी निथळत होतं.

"मालक, डोकं फिरला का काय तुमचा?" तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. "आग तिकडं वखारीला, नि पानी हिकडं माज्या पेंढ्यावर? सगला नासवून ठेवला. ह्यो आता म्हशी पन खायाच्या नाय. कोन घेल माजा पेंढा? शिकल्यासवरल्या मानसाला येवढी अक्कल नाय?"

आई मध्ये पडायला निघाली. मी तिचा हात धरला.

मालकांनी रिकामी कळशी खाली ठेवली आणि नागूबायच्या ओटीच्या कडेला टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. नागूबाय बोलत होती. ओल्या पेंढ्यावरून ती जळलेल्या घरावर आली, घरावरून लेकीच्या बस्त्यावर आली, रिकाम्या घागरीवर आली. इतके दिवस साठलेलं सगळं एकामागून एक येत होतं, आणि मधेच तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. मालक मान खाली घालून ऐकत होते. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आणखी?"

"हाय नं," नागूबाय म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.

त्या दिवसानंतर तळ्याचा वळसा सुटला. मालक बाजाराला सरळ रस्त्याने जायला लागले. ते दारावरून जाताना दिसले की नागूबाय त्या भिजलेल्या पेंढ्यावरून रोज एकदा तरी बोलायची, आणि मालक रोज तिथूनच जायचे.